वाटेत आपला नाका लागतो

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी नितूचा मेसेज. 'ताई, २६ला मुंबईत येतोय. ऑफिसचं काम आहे, ३ मार्चला रात्री परत. परळला हॉटेल बुक केलंय. एअरपोर्टवरून हॉटेलला यायला सगळ्यात बरं काय पडेल? कॅब की मेट्रो? तुम्ही कुणी आणायला येऊ नका. आईला दगदग नको.'

पहिल्या वाक्याने उडालेच. मग पुढचं वाचलं. मग पुन्हा पहिलं.

सख्खा धाकटा भाऊ. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच येतोय. आणि विचारतोय कसं, तर बाहेरगावचा पाहुणा विचारेल तसं.

आईला सांगितलं, नितू येतोय. हॉटेलचं नाही सांगितलं. ती लगेच डबे उघडायला लागली.

मंगळवार, १७ फेब्रु.

सांगावं लागलं. नितूची गादी उन्हात टाक म्हणून तिने दोनदा हाक मारली तेव्हा.

"हाटेलात? आपला घर असताना हाटेलात कित्याक?" आई बोलायला लागली की तळकोकणात पोचते.

मी म्हटलं, ऑफिसने दिलंय, काम तिथेच आहे, खोली लहान आपली, त्याला रात्री-अपरात्री मीटिंगा असतात. एकामागून एक कारणं. कुणाची वकिली करत होते कोण जाणे.

"खोली आज लहान झाली होय? हयच वाढलो ना तो?" मग गॅलरीत गेली. आमच्या गॅलरीतून त्या हॉटेलचं डोकं दिसतं, चाळींच्या मागे. रात्री वर दिवा लागतो. आई बराच वेळ तिकडेच बघत होती. आत आली ती म्हणाली, "हयसून चालत येवक होता."

गादी तरीही उन्हात घातली.

गुरुवार, १९ फेब्रु.

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. कादंबरीचं प्रकरण तसंच. प्रकाशकांचा फोन घेतला नाही. टेबलाशी बसले की हेच लिहिते.

'नितू, सहारला प्रीपेड टॅक्सीची खिडकी असते, काळी-पिवळी घे. पूर्व द्रुतगतीने आलास तर—' खोडलं.

'कॅब कर, पण ड्रायव्हरला म्हणावं लालबागच्या पुलाखालून—' खोडलं. परळच्या हॉटेलला जायला कोण आमच्या लालबागच्या पुलाखालून जातं.

'मेट्रोने दादरला उतर, तिथून मी—' खोडलं.

सगळे रस्ते घरावरून जातायत. मी लिहिते आहे म्हणून. त्याला फक्त हॉटेल विचारायचं आहे.

आईची एकच अट आहे आणि ती तिने मोठ्याने सांगितलेली नाही: आधी घर, मग कुठेही जा. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने आपल्या दारात थांबायचं, तिने भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून दोन बाजूंना टाकायचं, डोळ्यांना पाणी लावायचं, मग आत. एवढंच. तेही हॉटेलच्या आधी व्हायला हवं. नंतर आला तर तो पाहुणा.

मलाही तेच हवंय. मला तर ओवाळायचंही नाही, फक्त त्याने आधी—

शनिवार, २१ फेब्रु.

आज वेडेपणा केला. दादरहून मेट्रोने सहारच्या टी-टू टर्मिनलला जाऊन आले. त्याला नीट सांगता यावं म्हणून, असं आईला सांगितलं. स्वतःलाही.

गाडी छान, गार, जमिनीखालून. फोनला रेंज नाही, म्हणजे नितू मध्येच गायब होणार. बॅगा घेऊन सरकत्या जिन्यावर चढणं त्रासाचं. दादरला उतरून पुन्हा टॅक्सी शोधायची. दोन बॅगा असतील तर नकोच. हे सगळं लिहून घेतलं.

मग अरायव्हलच्या दाराशी जाऊन उभी राहिले, कुणीच येणार नव्हतं तरी. पाट्या धरलेली माणसं. एक बाई हार घेऊन. तिचा माणूस आला तेव्हा मलाच भरून आलं. शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आपका कौनसा फ्लाइट?" पटकन म्हटलं, लेट है.

लहानपणी चाळीतलं कुणी दुबई-मस्कतहून आलं की मॅटाडोर करून अख्खा मजला सहारला जायचा. बाबा कधी गेले नाहीत. ते नाक्यावर. आमची गल्ली टॅक्सीवाल्यांना कधीच सापडत नाही; मेडिकलच्या दुकानाशी आत वळायचं आणि लगेच पुन्हा उजवीकडे, तिथे सगळे चुकतात. म्हणून बाबा मेडिकलच्या पायरीवर तासभर आधीपासून उभे. टॅक्सी दिसली की हात वर. मग टॅक्सीच्या पुढे चालत, ट्रॅफिक पोलिसासारखे हात करत, दारापर्यंत. गाववाले असोत, मस्कतचे असोत, आम्ही सहलीहून येऊ. आत्याला लाज वाटायची. "दादा, वरात नाय ही!" बाबांना काही नाही.

नितू गेल्या खेपेला आला तेव्हाही होते. गुडघा दुखत होता. तरी टॅक्सीच्या पुढे.

रविवार, २२ फेब्रु.

हसावं की रडावं.

नितूने पाठवलेलं तिकीट आज नीट उघडलं. मी तारीख तेवढी पाहिली होती. तो दिल्लीला गाडी बदलतोय (विमान, आई गाडीच म्हणते) आणि उतरतोय नवी मुंबईला. सहारला नाहीच. काल मी कुणाची वाट बघत उभी होते!

आमच्या घरात विमानतळ म्हणजे सहार. दुसरा झालाय हे पेपरात वाचलं होतं, पण तो कुणा दुसऱ्यांचा, असंच डोक्यात.

आईला सांगितलं. "दुसरो? तो खय?" पनवेलच्या बाजूला म्हटलं. अटल सेतूवरून यायचं, शिवडीला उतरायचं. तिने हातातली चमची खाली ठेवली.

"म्हणजे शिवडीवरून येतलो?"

हो.

"शिवडीवरून परळ. म्हणजे आपण वाटेतच."

वाटेत नाही. पण वाटेला लागून. मी दुरुस्त केलं नाही. तिचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळलेला, कशाला.

संध्याकाळी नितूला लिहिलं: 'मेट्रो विसर. तुला आणायला पक्या येईल, त्याची स्वतःची कॅब आहे. आई आणि मीही येतोय. नाही म्हणू नकोस.' दोन निळ्या खुणा. उत्तर रात्री. 'ओके.'

मंगळवार, २४ फेब्रु.

पक्या घोडपदेवचा, नितूच्या शाळेतला. आता कॅब चालवतो. वेळ विचारायला आला तेव्हा अर्धा तास बसला, दोन चहा प्यायला.

"काकू, टेन्शन नाय घ्यायचं. पूल पकडला की सुसाट. साहेबाला उचलतो आणि डायरेक्ट तुमच्या दारात आणून टाकतो."

मी म्हटलं, त्याचं हॉटेल बुक आहे.

"मग काय झालं? हॉटेल पळून जातंय? मीच रस्ता चुकतो की. या गल्लीत कोण नाय चुकत?"

आई हसली. मी नाही हसले. नितूला फसवून आणायचं नाही. त्याने यायला हवं.

दुपारी शेजारच्या परबकाकूंनी नवीनच काढलं. बाप गेल्यावर मुलगा पहिल्यांदा दारात येतोय, तर भाकरतुकडा ओवाळायचा की आधी गळ्यात पडून रडायचं? दोन्ही एकदम होत नाही म्हणे. रडतं तोंड घेऊन ओवाळू नये. आई बटाटे सोलत ऐकत होती.

"आधी ओवाळतलंय," ती म्हणाली. "रडाक काय, रोज आसा."

परबकाकू गेल्यावर मात्र मला विचारलं, "तू बघितलंस ना तेव्हा. तो रडलो होतो काय गो?"

मी म्हटलं आठवत नाही. आठवतं. बाबा गेले तेव्हा त्याची व्हिसाची कागदपत्रं अडकली होती, तिथून निघता येत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर होता तो पूर्ण वेळ. फोन माझ्या हातात. रडला नाही. 'ताई, जरा उजवीकडे धर,' एवढंच म्हणत होता.

गुरुवार, २६ फेब्रु.

आई पहाटे उठली. तांदळाची भाकरी. एकच. फडक्यात बांधून डब्यात, डबा पिशवीत, पाण्याची बाटली वेगळी. म्हटलं घरी येऊनच ओवाळायचंय ना, बरोबर कशाला? "असांदे."

पुलावर दोन्हीकडे पाणी. आई म्हणाली, "यांका दाखवूक होया होतो." बाबांना.

विमान वेळेवर. नितू बाहेर आला. कानशिलाला पांढरं. वाकून आईच्या पाया पडला, तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडेना. पक्या म्हणाला, "काकू, इथेच ओवाळून टाका ना, हाय काय नाय काय."

"ह्यो काय उंबरो आसा?" आईने पिशवी घट्ट धरली.

परत येताना पक्या अखंड बोलत होता. शाळा, मास्तर, कोण जाडा झाला, कुणाचं टक्कल. नितू हसत होता, बरं वाटत होतं. मी मागे दोघांच्या मधून रस्ता बघत होते. शिवडी आली. पूल संपला. पक्याने गाडी हळू केली, आरशात बघितलं.

"बोल रे. घर की हॉटेल?"

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"हॉटेल," नितू म्हणाला. मग, "दोन वाजता कॉल आहे ना."

पक्याने गाडी वळवली. मी आईकडे बघितलं नाही. तिचा हात पिशवीवर होता एवढं दिसलं.

हॉटेलच्या दारात पिशव्या मशीनमधून जातात. आईची पिशवी आत गेली, पलीकडून आली. गार्डने विचारलं, "आजी, डब्यात काय?" "भाकरी." त्याने मान हलवली, पुढच्या बाईची पर्स बघायला लागला.

आत गार. फुलं. आई सोफ्याच्या कडेवर, पाठ न टेकता. नितू किल्लीचं कार्ड घेऊन आला. "चल ना वर, आई. खोली बघ. वरून आपली चाळ दिसते का बघू."

"नको."

"अगं, पाच मिनिटं."

"आधी तू ये," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, रुसवाही नाही. "मगे मी येतंय."

नितू तसाच उभा. कार्ड या हातातून त्या हातात. मग आम्ही निघालो. पक्याने भाडं घेतलं नाही. दारात सोडताना म्हणाला, "ताई, साला घाबरलाय तो."

कशाला घाबरेल?

शुक्रवार, २७ फेब्रु.

भाकरी कालची चहाबरोबर मी खाल्ली. आईने सकाळी नवीन केली. शिळी ओवाळत नाहीत म्हणाली.

नितूचा दुपारी फोन. आईशी बोलला. जेवलास काय, ए.सी. बाधत नाही ना, तिकडे थंडी किती. 'कधी येतोस' तिने विचारलं नाही. मी खुणा करत होते, विचार विचार. तिने माझ्याकडे पाठ केली.

संध्याकाळी भाकरी मी खाल्ली. मुगाच्या आमटीबरोबर.

एक ओळ लिहून झाली नाही. घरात फिरतेय नुसती. गॅलरी, मोरी, गॅलरी. वर दिवा लागलाय तिकडे. कितव्या मजल्यावर आहे तेही विचारलं नाही.

चिडले आहे का मी त्याच्यावर? हो. पण काहीतरी निसटतंय.

शनिवार, २८ फेब्रु.

मी गेले. आईला सांगून. ती म्हणाली, "भांडू नको."

खाली कॉफी शॉपमध्ये बसलो. इतक्या काचा की बोलायलाच अवघड. भांडायचं ठरवून गेले होते. त्याने साखर दोनदा घातली, ढवळत राहिला.

म्हटलं, "खोली लहान म्हणून?"

"वेडी आहेस का."

"मग?"

त्याने चमचा बशीत ठेवला. मग:

"ताई, काल सकाळी आलो होतो मी."

"कुठे?"

"मेडिकलपर्यंत. चालत. शटर बंद होतं. उभा राहिलो थोडा वेळ. मग परत आलो."

मला काही कळेना. म्हटलं, वर का नाही आलास, आई जागीच असते.

"तू त्या दिवशी फोन धरला होतास ना." तो कपाकडे बघत बोलत होता. "बाबांना घरातून खाली आणलं, चौकातून, गल्लीतून, सगळं दाखवलंस. मग नाका आला. तिथे तुम्ही सगळ्या बायका थांबलात. बाबांना पुढे नेलं आणि स्क्रीन फिरली. एकदम आपली गल्ली दिसायला लागली. आपलं दार. तू रडत होतीस, फोन हलत होता. आणि मग कट."

आमच्यात अंत्ययात्रेत बायका नाक्यापर्यंतच जातात. तिथून मागे फिरतात. लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे त्या दिवशी मीही फिरले. फोन हातात आहे, फोनमध्ये तो आहे, हे— पुढे तो कुणाच्या फोनवर जाणार होता? मला सुचलंच नाही. त्यालाही नाही. परंपरेने तो पुढे जायला हवा होता, आणि माझ्या हातात होता म्हणून बायकांबरोबर परत आला.

"म्हणजे माझ्यासाठी ते अजून तिथेच आहेत," तो म्हणाला. "पुढचं मी बघितलंच नाही. मी आलो की ते तिथेच असणार. हात वर करून. नेहमीसारखे. आणि नसले तर... टॅक्सीवाल्याला मी काय सांगू? मी जन्मात आपला पत्ता सांगितलेला नाही कुणाला. कधी वेळच आली नाही."

मी त्याचा हात धरला. चाळीस वर्षांचा माणूस. नखं अजून कुरतडतो.

"हॉटेलला ते कधी आले नव्हते," तो म्हणाला. "म्हणून सोपं."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. सांगू नये असं वाटलं होतं, पण सांगितलं. ती भाकरीचं पीठ चाळत होती. चाळतच राहिली. मग म्हणाली, "आणूक कोण गेला नाय त्याका."

म्हटलं, आई, आपण दोघी विमानतळावर गेलो होतो की.

"विमानतळ रे देवा," ती म्हणाली. "तो दुनियेचो."

रविवार, १ मार्च

सकाळचा मेसेज, आत्ताचाच. 'निघालोय. चालत येतो. बघतो जमतंय का.'

आईला वाचून दाखवला. शेवटचं वाक्यसुद्धा. तिने भाकरी तव्यावरून काढली, ताटाखाली झाकली. तांब्या भरून दारात ठेवला. पदर खोचला. मला वाटलं दारात उभी राहील. तिने चपला घातल्या.

म्हटलं, कुठे? गुडघे बघ तुझे. मी जाते.

"तू मागसून ये. नाक्यार मी रवतंय."

नाक्यावर. बाबा गेले त्या दिवसापासून ती नाक्यावर थांबलेली नाही. भाजीला जाते तीसुद्धा मागच्या बोळातून, हे माझ्या आज लक्षात आलं.

जिन्यात परबकाकूंनी विचारलं, काय गो, खय? "झिलाक आणूक," आई. आणि एक एक पायरी, कठडा धरून.

गॅलरीतून बघतेय. मेडिकल उघडलंय. आई पायरीवर चढली, दुकानातल्या मुलीने स्टूल दिलं, ती बसली नाही. उभीच. एक हात शटरच्या खांबाला, दुसरा कपाळावर आडवा. परळच्या दिशेने बघतेय. टॅक्सी येतात, जातात. ती प्रत्येकीकडे बघते, विसरलीय की तो चालत येणार आहे.

हॉटेलपासून इथे यायला फार वेळ लागत नाही. तेवढा होऊन गेला. फोन करू? नको.

आता आईने हात वर केलाय. कुणाला ते इथून दिसत नाही, मध्ये बस उभी आहे. हात खाली आणत नाहीये.

जाते. दार उघडंच ठेवून जाते.